डावीकडे जांभूळ

विमलताईंनी तंगुसाचं, गळाच्या नायलॉन दोऱ्याचं, टोक चमच्याच्या भोकातून ओवलं, पाच वेढे दिले, गाठ जिभेवर ओली केली आणि मग दातांत धरून आवळली. कोरडी गाठ आवळायची नाही, तंगूस भाजतो, हे त्यांना चोपन्न वर्षांपूर्वी मनोहररावांनीच शिकवलं होतं. आता ते शेजारी बाकावर बसून त्यांच्या बोटांकडे बघत होते, दुकानाबाहेर उभं राहून कारागिराचं काम बघावं तसे.

"छान जमतं तुम्हाला," ते म्हणाले.

"जमतं."

"कुणी शिकवलं?"

विमलताईंनी उरलेलं टोक नखकात्रीनं कापलं आणि कात्री पिशवीत टाकली. "होते एक साहेब," त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी समजल्यासारखी मान हलवली. हल्ली ते सगळ्यालाच अशी मान हलवत. बसमध्ये कुणी काही विचारलं तरी, टीव्हीवरची बाई बोलली तरी.

चमचा जर्मन सिल्व्हरचा होता. लग्नात असे सहा आले होते. पहिल्याच वर्षी मनोहररावांनी त्यातल्या एकाची दांडी कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि मागच्या भोकात तीन काट्यांचा गळ अडकवला. पाण्यातून ओढला की चमचा डगमगत चाले आणि मोठ्या माशाला तो जखमी मासोळीसारखा दिसे. विमलताई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्याच चमच्यावर सहा किलोंचा खडस आला आणि मग त्याही किनाऱ्याला लागलेल्या होडीवर वाकून मासा बघायला लागल्या. बाकीचे पाच चमचे बदल्यांमध्ये कुठे कुठे राहून गेले. हा एकच टिकला. वर पिवळट झाला होता, पोटाशी अजून चमकत होता.

दोघं परदेशात मुलाकडे राहत होती, त्या यिशुनच्या सोळा मजली ब्लॉकपासून बसनं तीन थांब्यांवर हा जलाशय होता. काठाकाठानं पाण्यावर बांधलेला लांबलचक लाकडी धक्का, त्याला कमरेएवढा कठडा, आणि सुरुवातीलाच मोठी पाटी: जिवंत आमिष लावायचं नाही, होडी घालायची नाही. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथे आले तेव्हा मनोहररावांनी ती पाटी दोनदा वाचली होती. तेव्हा ते सगळं वाचत आणि सगळं लक्षात ठेवत. "चमचा चालेल," ते म्हणाले होते, "पण होडी नाही म्हणजे ओढणार कसा?" मग त्यांनी चमचा पाण्यात सोडला, पंधरा-वीस वाव तंगूस मोकळा केला, काठी कठड्याबाहेर धरली आणि धक्क्यावरून चालायला लागले. होडीच्याच चालीनं. त्यांच्यामागे पाण्यात चमचा.

रोज येणारे एक चिनी आजोबा होते, टे नावाचे. त्यांनी तेव्हा डोळे बारीक करून विचारलं होतं, "अंकल, यू टेकिंग युवर फिश फॉर अ वॉक, इज इट?" तेव्हापासून ते मनोहररावांना पाहिलं की काल्पनिक कुत्र्याचा पट्टा ओढत चालून दाखवत. आजही त्यांनी लांबून पट्टा ओढला. मनोहररावांनी मान हलवली.

"चला," विमलताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात काठी दिली.

काठी हातात आली की मनोहररावांची पाठ सरळ होई. आजही झाली. त्यांनी अंगठ्यानं रिळाची कळ दाबली, मनगट हलवलं, आणि चमचा उन्हात एकदा चमकून दूर पाण्यात पडला. हात काहीही विसरले नव्हते. विमलताई याच क्षणासाठी त्यांना इथे घेऊन आल्या होत्या. साडेनऊ वाजले होते. अकरा वाजता घरी, टेबलाशी, फोनसमोर बसायचं होतं आणि तोवर हातांना आठवत होतं ते डोक्यापर्यंत पोचलं पाहिजे होतं.

तळेगावच्या संस्थेच्या डॉक्टरांचा कॉल होता. मुलाची, देवदत्तची, नोकरी जानेवारीत गेली आणि मार्चमध्ये दुसरी मिळाली. नव्या नोकरीवर त्याचा, बायको निहारिकाचा आणि मुलगी अदितीचा इथे राहण्याचा पास झाला, पण आईवडिलांचा होत नव्हता. मे संपायच्या आत दोघांनी देश सोडायला हवा होता. साताऱ्याचं घर इकडे येतानाच विकलेलं. मग देवदत्तनं पंधरा दिवस फोन करून करून तळेगाव शोधलं. तिथे दोन इमारती होत्या. पुढची बागेकडे तोंड केलेली, जोडप्यांसाठी. मागची विसरलेल्यांसाठी, तिला बाहेरून कुलूप. मागच्या इमारतीतही दोन-दोन खाटांच्या खोल्या होत्या, पण दोन्ही खाटा विसरलेल्यांच्याच. घरच्यांनी भेटायचं ते चार ते पाच, खालच्या खोलीत.

"बाबा तुला ओळखतात का, मुख्य तेवढंच बघणार आहेत," देवदत्तनं रविवारी सांगितलं होतं. "ओळखलं तर पुढची खोली मिळेल. दोघांना एकत्र."

"आणि नाही ओळखलं तर मी मागे राहीन त्यांच्याबरोबर."

"आई, धडधाकट माणसाला तिथे ठेवत नाहीत. विचारलं मी. दोनदा विचारलं." मग त्यानं धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. "तुझीही पाच मिनिटं घेतील. फॉर्मसाठी. तुझं काय, तुला तर सगळ्यांचे वाढदिवस पाठ."

ते खरंच होतं. विमलताईंना या ब्लॉकमधल्या सोळा मजल्यांवरच्या माणसांची नावं पाठ होती, अदितीच्या वर्गातल्या मुलींची होती, आणि पासष्ट वर्षांपूर्वी पाण्याखाली गेलेल्या कारवीच्या वाडीतलं एकेक झाड पाठ होतं.

त्या झाडांमुळेच त्यांच्या हातात वल्हं आलं. कारवीची वाडी हे त्यांचं माहेर. कोयनेचं धरण भरलं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. दहा वर्षांनी लग्न होऊन त्या परत त्याच पाण्याच्या काठावर आल्या, मत्स्यखात्यातल्या साहेबांची बायको म्हणून. साहेबांचं काम असं, की जलाशयात कुठे, किती खोलीवर, कोणता मासा आहे ते बघायचं, मोजायचं, वहीत लिहून सोडून द्यायचं. चैत्रात पाणी उतरू लागलं की खडस उथळाकडे येत, आणि तेव्हा पहाटेपासून होडीमागे चमचा ओढत फिरायचं. खात्याचा नावाडी होता, पण तो होडी नेई ती थेट झाडांच्या शेंड्यांवरून. चमचे अडकत, तंगूस तुटे. एका चैत्रात नावाडी तापानं पडला आणि विमलताई होडीत बसल्या.

"इथून नको," त्या म्हणाल्या होत्या. "डावीकडे जांभूळ आहे."

"कुठे?" मनोहररावांनी चारी बाजूंना नुसतं पाणी बघून विचारलं.

"खाली."

त्यांनी जांभळाला वळसा घातला, मग देवळाच्या कळसाला, मग काकांच्या गोठ्याला, आणि उतरत्या रस्त्यावरून सरळ नदीच्या जुन्या पात्रात होडी आणली. चमचा एकदाही अडकला नाही. त्या दिवसानंतर सात चैत्र दुसरा कुणी नावाडी लागला नाही. वल्हवताना विमलताईंचं तोंड मागे असे, मनोहररावांकडे. जायचं ते न बघता जायचं आणि समोर फक्त काठी धरलेला माणूस. ते तंगुसाकडे बघत, त्या त्यांच्याकडे. बोलणं दोनच गोष्टींचं. ते म्हणत, "हळू." त्या म्हणत, "डावीकडे जांभूळ." आणि एक नियम, की काही झालं तरी थांबायचं नाही. होडी थांबली की चमचा तळाला जातो.

घरी सासूबाईंसमोर मनोहरराव त्यांना 'अगं' म्हणत, चारचौघांत 'ऐकलं का' आणि होडीत 'नावाडी'. 'विमल' कधीच म्हणाले नाहीत. त्यांच्या घरात ती रीतच नव्हती. विमलताईंनीही लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांचं नाव घेतलं नव्हतं. घरी 'अहो', होडीत थट्टेनं 'साहेब'. चांगी विमानतळावर पहिल्यांदा उतरल्या तेव्हा काचेमागच्या बाईनं नवऱ्याचं नाव विचारलं. विमलताईंनी पासपोर्ट उघडला आणि नावाखाली बोट ठेवलं. बाईनं पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा बोट ठेवलं. त्या बाईला वाटलं, या मुक्या आहेत. देवदत्त हा किस्सा मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणात सांगे आणि अदिती गळ्यात पडून इथल्या मुलांच्या बोलीत म्हणे, "आजी, जस्ट से लाह. नथिंग विल हॅपन." आजी हसत आणि तिच्या तोंडात करंजी कोंबत.

गेला आठवडाभर मात्र त्या मनोहररावांना रोज सकाळी स्वतःचं नाव शिकवत होत्या. चहाचा कप समोर ठेवून म्हणायच्या, "माझं नाव विमल."

"नमस्कार, विमलताई," ते हात जोडून म्हणायचे. "बसा ना."

धक्क्यावरून दोघं चालत होती. मनोहरराव काठी धरून कठड्याच्या बाजूला, विमलताई आतल्या बाजूला, त्यांच्या कोपराला बोट लावून. पाण्यावर तेलासारखी शांतता होती. पलीकडच्या काठावर ब्लॉकची रांग, त्यांच्यावर मोठे मोठे आकडे. एक घोरपड पाण्यातून डोकं वर काढून चालली होती. एप्रिल होता, पण इथल्या एप्रिलमध्ये चैत्राचं काहीच नव्हतं. पाणी उतरत नाही, पालवी फुटत नाही. सहा वर्षं सगळे महिने एकाच रंगाचे. पाडव्याला त्यांनी खिडकीच्या आत गुढी उभारली होती, बाहेर काठी काढायला बंदी म्हणून. मनोहररावांनी तिच्याकडे बघून विचारलं होतं, हे कुणाचे कपडे वाळत घातलेत.

"आज मासा नाही दिसत," विमलताई म्हणाल्या.

"येईल. चालत राहायचं."

त्या चालत राहिल्या. पन्नासेक पावलांनी मनोहररावांनी काठीचं टोक जरा खाली घेतलं, मान तिरकी केली, आणि पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "हळू, नावाडी."

विमलताईंचा पाय फळीवरच्या खिळ्याला अडखळला. हा शब्द गेल्या दिवाळीनंतर आला नव्हता. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं, आणि आवाज सपाट ठेवून विचारलं, "नावाडी कोण?"

"कोण म्हणजे? तुम्हीच की."

"आणि मी तुमची कोण?"

मनोहररावांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावरून नजर खांद्यावर आली, हातांवर आली, पुन्हा चेहऱ्यावर गेली. त्यांना मदत करायची होती, हे दिसत होतं.

"कायम नोकरीवर आहात," त्यांनी विचारलं, "की रोजंदारीवर?"

विमलताईंनी पदर सोडला. "कायम," त्या म्हणाल्या.

"मग चांगलं आहे. पेन्शन बसेल."

धक्क्याच्या टोकाशी जाऊन ती दोघं वळली. परत येताना विमलताईंनी आणखी एकदा प्रयत्न केला. तापोळ्याची कचेरी आठवते का, देवदत्त झाला ती रात्र आठवते का, सहा किलोंचा खडस? मनोहरराव सगळ्याला हो म्हणाले. खडस बारा किलोंचा होता का, असं विचारलं तेव्हाही हो म्हणाले. मग विमलताई नुसत्या चालल्या.

साडेदहाला देवदत्त समोरून येताना दिसला. घरातलेच कपडे, पायांत निहारिकाच्या सपाता, हातात फोन. तो पळत आला असणार, शर्ट पाठीला चिकटला होता.

"आई, कॉल आत्ताच घ्यायचाय. तिकडे आत्ता आठ वाजलेत, आणि गुरुवार म्हणून नऊला वीज जाणार त्यांची. त्या डॉक्टर म्हणतात, आत्ताच करू, नाहीतर मग पुढच्या आठवड्यात. आणि ती खोली तोवर..." त्यानं वाक्य सोडलं. "बाकावर बसू. चालेल ना?"

"इथेच," विमलताई म्हणाल्या. काठी हातात असताना काय ते विचारू दे, असं त्यांना म्हणायचं होतं. पण फोन आधीच वाजायला लागला होता.

पडद्यावर एक तरुण मुलगी आली. केस मागे बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. डॉक्टर विनीता असं तिनं नाव सांगितलं आणि नमस्कार केला. आवाज चांगला होता, घाईचा असूनही मऊ. देवदत्त बोलायला लागला तसं तिनं त्याला थांबवलं. उत्तरं आजोबांनाच देऊ द्या प्लीज, मदत करू नका, नाहीतर मला लिहिता येत नाही, असं ती म्हणाली. देवदत्तनं मान हलवली आणि फोन दोन्ही हातांत धरून वडिलांसमोर उभा राहिला.

मनोहरराव फोनकडे बघत नव्हते. ते थांबले होते, आणि थांबल्यामुळे अस्वस्थ झाले होते. तंगूस हळूहळू उभा होत होता.

"आजोबा, आज कुठला वार?"

"चमचा बुडतोय," मनोहरराव म्हणाले.

तिनं वर्ष विचारलं, पंतप्रधानांचं नाव विचारलं, शंभरातून सात वजा करायला सांगितलं. मनोहररावांनी तिला पाण्याची खोली सांगितली. मग तिनं फोन जरा फिरवायला सांगितला.

"तुमच्या शेजारी या कोण उभ्या आहेत?"

विमलताईंनी खांदे मागे घेतले. नकळत कपाळावरचे केस सारखे केले. त्यांनी मनोहररावांकडे बघितलं नाही. बघणं म्हणजे मदत झाली असती.

"हा ना," मनोहरराव म्हणाले. आवाजात ओळख होती, आपुलकी होती. "हा आमचा नावाडी."

"नावाडी म्हणजे..."

"डॉक्टर, ते म्हणजे बाबा आईला..." देवदत्त म्हणाला.

"सर, प्लीज." तिनं खाली काहीतरी लिहिलं. "आजोबा, तुमची पत्नी कुठे आहे?"

मनोहररावांनी धक्क्यावर पुढे-मागे पाहिलं. टेअंकल लांब उभे होते, आणखी कुणी नव्हतं. "घरी असेल," ते म्हणाले. "ऊन लागतं तिला."

विमलताईंचा हात कठड्यावर होता. त्यांनी तो काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

डॉक्टरांनी आणखी एक ओळ लिहिली. मग देवदत्तला म्हणाल्या की तुमच्या लक्षात आलंच असेल, आजोबांना मागच्या इमारतीत घ्यावं लागेल, तिथे काळजी चांगली घेतात. आजींना पुढे खोली देऊ, खिडकीतून मागची इमारत दिसते. देवदत्त "हो, हो" म्हणत राहिला. त्याच्या कानामागून घाम उतरत होता.

"आता आजींचं पटकन घेऊ. फॉर्मपुरतं." डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि हसल्या. "आजी, नमस्कार. तुम्हाला सोपं विचारते. हे शेजारी कोण आहेत तुमच्या?"

विमलताईंनी फोनमधल्या मुलीकडे बघितलं. मग मनोहररावांच्या शर्टाकडे. वरचं बटण लागलेलं नव्हतं.

"साहेब," त्या म्हणाल्या.

"साहेब?" डॉक्टर पुन्हा हसल्या. "कोण साहेब? तुमच्या नात्यातले?"

"मी नावाडी. हे साहेब."

डॉक्टरांचं हसू गेलं नाही, पण तिथल्या तिथे राहिलं. "बरं. यांचं नाव सांगाल?"

विमलताईंनी ओठ मिटले. देवदत्तनं फोनवरून मान वर काढली. त्यानं तोंड उघडलं. आई नाव घेत नाही, कधीच घेतलं नाही, चांगीवरसुद्धा बोट ठेवलं होतं, हा किस्सा त्याच्या जिभेवर तयार होता, शंभर वेळा सांगितलेला. विमलताईंनी त्याच्याकडे बघितलं. सरळ, बराच वेळ, लहानपणी पाहुण्यांसमोर बघायच्या तसं.

त्यानं तोंड मिटलं.

"आठवत नाही का, आजी?" डॉक्टरांनी हळू विचारलं. "काही हरकत नाही. राहू दे. तुम्ही आत्ता कुठे आहात, ते सांगा. या जागेचं नाव?"

पलीकडच्या काठावरच्या ब्लॉकचे आकडे उन्हात स्पष्ट दिसत होते. ४२१ मध्ये अदितीची मैत्रीण आर्या राहत होती, नवव्या मजल्यावर. विमलताईंनी नजर त्यांच्यावरून उचलली आणि पाण्यावर आणली.

"कारवीच्या वाडीवर," त्या म्हणाल्या. "डावीकडे जांभूळ आहे."

मनोहररावांनी काठीचं टोक चटकन वर उचललं आणि उजवीकडे वळवलं. तंगूस पाण्यातून ताणून निघाला, थेंब टपटपले.

फोनमध्ये कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले. महिना विमलताईंनी चैत्र सांगितला, आणि मुलाचं वय दीड वर्ष. मग डॉक्टर इंग्रजीत, आवाज खाली आणून म्हणाल्या की सर, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं का, कधीकधी एकाची काळजी घेता घेता दुसऱ्याचं घरच्यांना कळत नाही. आय ॲम सो सॉरी.

देवदत्त आईकडे बघत होता. विमलताई मनोहररावांच्या शर्टाचं वरचं बटण लावत होत्या. काज जुनं होतं, सैल झालेलं. बटण दोनदा निसटलं.

"सर? मग दोघांनाही मागेच घ्यावं लागेल. एका खोलीत चालेल ना? दोन खाटा असतात."

"हो," देवदत्त म्हणाला. "हो. दोघांनाही."

"दाराला कुलूप असतं, हे तुम्हाला सांगितलंय ना? आजींना एकटीनं बाहेर जाता येणार नाही."

"सांगितलंय," देवदत्त म्हणाला.

फोन बंद झाल्यावर तो तसाच धरून उभा राहिला. टेअंकल लांबून हात हलवत होते, मासा लागला का असं खुणेनं विचारत होते. देवदत्त म्हणाला, "आई." मग पुन्हा म्हणाला, "आई, तू..."

"अदिती दोनला येईल," विमलताई म्हणाल्या. "तिचा वरण-भात झाकून ठेवलाय. तिला काही सांगू नकोस. मी सांगेन मला सुचेल तेव्हा."

"चमचा तळाला चालला," मनोहरराव म्हणाले. ते आता चिडले होते. "किती वेळ थांबायचं?"

"नाही थांबायचं. चला, साहेब."

विमलताई त्यांच्या पुढे झाल्या. मग वळून त्यांनी मनोहररावांकडे तोंड केलं, एक हात कठड्यावर ठेवला आणि पाठीमागे एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मनोहररावांनी काठी बाहेर धरली आणि त्यांच्यामागोमाग निघाले. तंगूस पुन्हा तिरपा झाला. खाली कुठेतरी चमचा तळावरून उठला असावा.

"हळू," मनोहरराव म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "जांभूळ गेलं की सांगते."